खरा मालक चिडतो

४ फेब्रुवारी

छापील पत्र लग्नाचं येतं, नाहीतर कोर्टाचं. माझ्याकडे दोन्हींपैकी काही चाललेलं नाही, मग तुझं पत्र छापील का आलं? पाकीट फोडलं. वाटलं, कुणी वकिलानं धाडलंय. चष्मा पुसून बघते तर खाली 'तुझी भिंगरी'. भिंगरीचं अक्षर मी ओळखत नाही होय? कोंबडीचे पाय शाईत बुडवून कागदावर सोडावेत, तसं असतं ते. ही शाळेच्या कवायतीसारखी रांगेत उभी राहिलेली अक्षरं तुझी नव्हेत.

आता आशीर्वाद घे. नमस्कार तू केला नव्हतास तरी देते.

मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो माझा मला दुखतो. तू जन्मात त्याची चौकशी केली नाहीस आणि मीही अपेक्षा ठेवली नाही. फोन करत जा म्हणतेस. किल्ल्या कापायच्या मशीननं माझे कान कधीच खाल्ले. फोनवर बोलतेस तू आणि मला ऐकू येतो तुझा काका. शेजारी उभा राहून 'ती म्हणते, ती म्हणते' करत मला ओरडून सांगतो. तू काय म्हणतेस ते त्याच्या तोंडून मी का ऐकू? कागद बरा. कागद उद्या 'मी असं बोललोच नाही' म्हणत नाही. तेवढी एक गोष्ट सोडली तर कागदावरही माझा फार भरवसा नाही, कारण तुझं पत्र पेटीतून काढून आणतो तोही काकाच, आणि आणताना पाकीट उजेडात धरतो. मी पाहिलंय.

तुझे आईबाप बदलीच्या नोकरीपायी गावोगाव फिरत राहिले आणि तू माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून वाढलीस. कुलपाचं पोट कसं उघडायचं ते तुला लिहितावाचता यायच्या आधी येत होतं. आणि आता तू काय करतेस ते मला धड कळत नाही. काका म्हणतो, लोकांच्या वेबसाइट बनवते, नोकरी नाही, घरूनच काम. म्हणजे साहेब नाही. मग तुला ओरडतं कोण?

तेव्हा मला तुझी हत्यारं सांग. कारागीर मला तोंडावरून कळत नाही, पिशवीवरून कळतो. तुझ्या आजोबांना मी नीट बघितलंच नव्हतं, त्यांची कानस बघून हो म्हटलं होतं. सकाळी बसलीस की आधी कशाला हात घालतेस, मग कशाला, आणि लाडकं कुठलं, ते लिही.

आणि हाताला काय झालंय तेही लिही. लपवू नकोस. लपवलेलं उघडायचाच आपला धंदा आहे.

आजी

११ फेब्रुवारी

आजी,

कोर्टातून नाही, माझ्याच टेबलावरून लिहितेय. मनगट सुजलंय. दिवसभर माउस धरून धरून. डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधलाय, पेन धरलं की खांद्यापर्यंत कळ जाते. दोन बोटांनी टाइप होतं, म्हणून छापील. झालं समाधान? की डॉक्टरीणबाईंचीही पिशवी तपासणार आहेस?

हत्यारं सांगते. कानस नाही निघणार त्यात, आधीच सांगून ठेवते.

सकाळी पहिलं उघडते ते आराखडा काढायचं टूल. त्यात अख्खी वेबसाइट आधी नुसती रंगवायची. बटण इथं, फोटो तिथं. दाबलं तर काही होत नाही, नाटकाच्या पडद्यावर रंगवलेल्या दारासारखं. गिऱ्हाईक ते बघून नाक मुरडतं, मी मनात शिव्या घालते आणि बदलते. माझं सगळ्यात लाडकं हेच. यात चुकलं तरी कुणाचं नुकसान नाही.

मग कोड लिहायचं टूल. रंगवलेल्या दाराला खऱ्या बिजागऱ्या बसवायच्या त्या इथं. काळं पान, रंगीत अक्षरं. एक कंस मिटायचा राहिला की खाली लाल रेघ मारतं. बोलत नाही एवढंच, नाहीतर तूच.

तिसरं, जुनं सांभाळणारं. मी केलेला एकेक बदल ते जपतं. परवा होतं तसं कर म्हटलं की करून देतं. शेवटी प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, 'आधीचंच बरं होतं.' तेव्हा हेच माझा जीव वाचवतं.

एक बारकं आहे, रंग उचलणारं. स्क्रीनवर कुठंही टेकवलं की तिथला नेमका रंग सांगतं. एक पासवर्डांची तिजोरी आहे. एक मोठा पासवर्ड मी लक्षात ठेवायचा, बाकीचे सगळे तिनं. ही तुला आवडणार नाही हे माहीत आहे.

आणि नवीन आलंय ते पत्रं लिहिणारं. मी गिऱ्हाइकाला लिहायला बसले की भांडते, कुणावर गेलेय ते सांगायला नको. हे टूल भांडत नाही. 'याला सांग, शुक्रवारपर्यंत होणार नाही' एवढंच मी म्हणायचं, की ते अर्धं पान गोड गोड लिहून देतं. माझ्या खोलीत एक फोटोवाली राहते, दुकानांच्या मालाचे फोटो काढते, माझ्या वेबसाइटींवर तिचेच असतात. ती म्हणते, तू हल्ली माणसांत आलीस.

साहेब नाही. ओरडायला तू आहेस की.

भिंगरी

१८ फेब्रुवारी

एक किल्ली आणि सगळी कुलपं? असली किल्ली बनवून मागायला आलेल्या माणसाला तुझ्या आजोबांनी दुकानाबाहेर काढलं होतं. ती तिजोरी कुणाच्या घरात आहे ते आधी सांग. तुझ्या घरात नाही, हे मला कळतं. त्या तिजोरीवाल्याला विचार, 'माझ्या किल्लीची नक्कल ठेवलीस का?' तो नाही म्हणेल. मीही म्हणायचे, आणि माझ्याकडे खरंच नसायची. पण गिऱ्हाईक मान डोलवायचं ते विश्वासानं नव्हे, नाइलाजानं.

आशीर्वाद.

बाकीची हत्यारं पसंत. रंगवलेलं दार पसंत. लाल रेघ मारणारं तर फारच पसंत, त्याच्याशी नीट वाग. जुनं सांभाळणारं मला इथं पाठव, तुझ्या काकूला लावते, ती कालचं बोललेलं आज विसरते.

त्या पत्र लिहिणाऱ्याचं मात्र मला खटकलं. गिऱ्हाइकाशी भांडणं हा निम्मा धंदा आहे. भांडलं की त्याला कळतं, हिचं लक्ष आहे. तुझ्या वतीनं गोड बोलणारा हा कोण, आणि त्याला यातून काय मिळतं? फुकटात गोड बोलणारं मी अजून कुणी पाहिलेलं नाही. हाताचा पट्टा सोडू नकोस, आणि त्याच्यावर नजर ठेव.

आता मुद्द्याचं. तुझ्या काकाला दुकान हवंय. मोबाइलची कव्हरं विकायची म्हणतो. त्याची नोकरी डळमळीत आहे, मला दिसतं ते. माझा हात आता थरथरतो, किल्लीच्या बारीक खाचा दिसत नाहीत, दुकान बंद पडून आहे. त्याचं मागणं वावगं नाही. पण घर सोडून जाताना तू दारात म्हणाली होतीस, 'आजी, दुकान कुणाला देऊ नको, परत येऊन मी तिथंच टेबल टाकणार.' तेव्हा तुझ्या तोंडात पाव होता, म्हणून मी ते फार मनावर घेतलं नाही. पण विसरलेही नाही.

तर सांग. दुकान तुला हवं की नको? एका शब्दात. मला कारण नको, निबंध नको. महिना संपला की मी काकाला किल्ली देऊन मोकळी होणार. नंतर 'आजी, मला विचारलंच नाहीस' म्हणत रडत आलीस तर दार उघडणार नाही.

आजी

२६ फेब्रुवारी

प्रिय आजी,

सप्रेम नमस्कार. तुझं प्रेमळ पत्र मिळालं आणि मन अगदी भरून आलं. तुझा गुडघा आता कसा आहे? थंडीच्या दिवसांत त्याची विशेष काळजी घे.

माझ्या साधनांविषयी तू मांडलेले विचार खूप मोलाचे आहेत. सुरक्षितता ही खरोखरच दुर्लक्ष करण्यासारखी बाब नाही. तुझ्या अनुभवातून मला नेहमीच शिकायला मिळतं.

दुकानाबाबत बोलायचं तर हा निर्णय सोपा नाही, याची मला जाणीव आहे. एकीकडे आपल्या सुंदर आठवणी आहेत, तर दुसरीकडे काकांच्या नव्या वाटचालीची उमेद आहे. दोन्ही बाजू तितक्याच महत्त्वाच्या आहेत. तुझ्या मनाला शांती देईल तो निर्णय तू घे. तू जे ठरवशील त्यात मी आनंदाने तुझ्यासोबत आहे.

काका आणि काकूंना माझा नमस्कार सांग. स्वतःला जप.

तुझीच लाडकी,
भिंगरी

३ मार्च

फोटोवालीस,

तुझ्यावर माझा विश्वास नाही, हे आधीच लिहिते म्हणजे पुढं गैरसमज नको. पण बाकीच्यांवर त्याहून कमी आहे, म्हणून तुला लिहायची वेळ आली. मी भिंगरीची आजी. तुझं नाव मला ठाऊक नाही, ती तुला फोटोवाली म्हणते, पाकिटावरही तेच घातलंय.

भिंगरी जिवंत आहे का? धडधाकट आहे का? कुणी तिला कोंडून ठेवलेलं नाही ना?

विचारते कारण तिच्या नावानं मला एक पत्र आलंय ते तिचं नाही. त्यात माझ्या गुडघ्याची चौकशी आहे. तिनं माझ्या गुडघ्याची चौकशी केली तर मीच डॉक्टरला बोलवीन, तिच्यासाठी. मी तिला एका शब्दाचं उत्तर मागितलं होतं, तर पानभर गूळ आला, आणि तो एक शब्द काही त्यात नाही.

माझं किल्ल्यांचं दुकान होतं. किल्ली हरवली, दुसरी करून द्या, असं म्हणत कुणीही यायचं. आता खरा मालक कुठला आणि चोर कुठला, कसं ओळखायचं? आम्ही एक काहीतरी बावळट प्रश्न विचारायचो. दार आत उघडतं की बाहेर? पायरी किती मोडलीय? खरा मालक चिडतो. 'तुम्हाला काय करायचंय, किल्ली द्या' म्हणून डाफरतो आणि डाफरता डाफरता बरोबर उत्तर देऊन जातो. चोर चिडत नाही. चोर हसतो, 'छान प्रश्न विचारलात' म्हणतो आणि काहीतरी गुळमुळीत सांगतो. आमच्या दुकानात गोड बोलणाऱ्याला किल्ली मिळत नसे.

हे पत्र चोराचं आहे. आता चोर कोण? पत्रानं फायदा कुणाचा होतो ते बघ. पत्र म्हणतं, दुकान हवं तर काकाला दे. तिचा काका, म्हणजे माझा धाकटा. टपाल तोच नेतो, तोच आणतो. त्याच्या कचेरीत छापायचं मशीन आहे. शाळेत निबंधाला बक्षीस मिळवायचा, असलंच लिहायचा, 'एकीकडे आठवणी, दुसरीकडे उमेद.' मी त्याच्या ताटासमोर पत्र धरलं आणि विचारलं, हे तुझंच ना? तो ताटावरून उठला. तेव्हापासून वरच्या मजल्यावरून खाली आलेला नाही. चोर पकडला की आधी रुसतो.

घरच्या टपालपेटीला मी नवं कुलूप घातलंय. किल्ली माझ्याकडेच. हे पत्र मी स्वतः काठी टेकत जाऊन टाकतेय.

आज तिलाही एक पत्र टाकलंय. आमचा पोपट मेला असं त्यात लिहिलंय. आमच्याकडे पोपट कधीच नव्हता, घरात एक बोलणारी पुरे होती. बघू काय उत्तर येतं.

हे सगळं तूच करत असशील तर आता तुला कळलंच. नसशील तर उत्तर दे. तिच्यादेखत लिहू नकोस.

भिंगरीची आजी

३ मार्च

भिंगरे,

एक वाईट बातमी. आपला मिठू गेला. तुझा किती लाडका होता तो. सकाळी पिंजऱ्यात निपचित पडलेला दिसला. तुझं नाव घ्यायचा शेवटपर्यंत.

दुकानाचं काय केलं ते सावकाश लिहीन. त्याआधी एक सांग, मला आताशा आठवत नाही. आपल्या दुकानाचं दार आत उघडायचं की बाहेर?

आजी

१० मार्च

प्रिय आजी,

मिठूच्या जाण्याची बातमी वाचून मन सुन्न झालं. तो केवळ पक्षी नव्हता, आपल्या घराचाच एक भाग होता. त्याचा तो गोड आवाज आजही माझ्या कानांत घुमतो. त्यानं शेवटपर्यंत माझं नाव घेतलं, हे वाचून डोळे पाणावले. दुःख वाटणं स्वाभाविक आहे. या काळात तू स्वतःला वेळ दे.

दुकानाच्या दाराविषयी तू विचारलंस, किती सुंदर आठवण जागी केलीस! ते दार आत उघडायचं, जणू येणाऱ्या प्रत्येकाला मायेनं आत बोलवायचं.

तुझा गुडघा कसा आहे?

तुझीच लाडकी,
भिंगरी

१२ मार्च

आजी, नमस्कार.

मी फोटोवाली. तुमचं पत्र आलं तेव्हा मी बाहेरगावच्या कामाच्या घाईत होते. आमच्या पेटीत माझ्या नावाचं पत्र कधी येत नाही, बिल असेल समजून बॅगेत टाकलं आणि काल परत आल्यावर वाचलं. भिंगरी जिवंत आहे. कोंडलेली नाही. मी चोर नाही. तुम्ही विचारलंत त्याच क्रमानं उत्तरं दिली.

मनगटाचं मात्र तिनं तुम्हाला कमी करून सांगितलंय. आता दोन्ही हातांना पट्टे आहेत. तुमचं पाकीट आलं की फोडून मी तिच्या टेबलावर ठेवते. ती पत्र कॅमेऱ्यासमोर धरते, तिचं ते टूल तुमचं अक्षर वाचतं, थोड्या वेळानं प्रिंटरमधून उत्तर निघतं, ते पाकिटात घालून मी टाकून येते, मी बाहेरगावी असले की तीच टाकते. यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. मी समजत होते की आधी ती वाचते, मग तोंडी सांगते आणि ते लिहून घेतं.

काल तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी तिला सहज म्हटलं, 'तुमचा पोपट गेला म्हणे.' ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, 'कुठला पोपट?'

पुढचं मी तिच्यावरच सोडलं. चुगली करायचा माझा स्वभाव नाही. पण हात थांबला तिचा. माझ्याकडे बघितलं, मग तुमची सगळी पत्रं मागितली, मला आलेलंही, आणि खाली फरशीवर बसून एकेक वाचत राहिली. एकदा हसली. नंतर हसली नाही. मग उठून पेन शोधायला लागली. आमच्या दोघींच्या खोलीत एक पेन सापडेना. शेवटी मी फोटोंच्या खोक्यांवर खुणा करायला वापरते ते जाड काळं पेन दिलं. ती सध्या तेच घेऊन बसलीय आणि मला बाहेर जायला सांगितलंय.

तुमचा माझ्यावर विश्वास नाही हे वाचून आधी राग आला. आता वाटतं, तो राग आला ते बरंच झालं.

फोटोवाली

१३ मार्च

कुठला पोपट?

आजी, आपल्या घरात कधी पाल टिकली नाही तुझ्या आवाजापुढं, पोपट कुठून टिकणार? आणि दार? दुकानाला दार होतं कधी? शटर आहे ते! डाव्या कोपऱ्यात लाथ घातल्याशिवाय वर जात नाही, माझ्या सगळ्या शाळेच्या बुटांचे अंगठे त्या लाथेनं गेलेत, आणि मला विचारतेस आत उघडतं की बाहेर? मला? रस्त्यावरचं गिऱ्हाईक समजलीस मला? चोरासारखी तपासलीस! सरळ विचारायचं होतंस, 'भिंगरे, हे तू लिहिलंस का?' तेवढं न विचारता पोपट मारलास. नसलेला!

डाव्या हातानं लिहितेय. कळ याही हातात आहे. पान भरतंय कारण पेन जाड आहे, जास्त लिहिलंय असं समजू नकोस.

हो, तेच टूल. माझी जुनी पत्रं त्याला वाचायला दिली आणि म्हटलं, माझ्यासारखं लिही. माझ्यासारखं त्याला जमलं नाही, तुलाच ते कळलं, मी तर निघालेलं पत्र वाचलंही नाही. पहिल्यांदा म्हटलं, हे एकच, हात बरा होईपर्यंत. तुझी पत्रं लांब असतात. त्यांत ओरडा असतो. दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकून आणखी एक ओरडा नको वाटायचा. सावकाश वाचू म्हणून बाजूला ठेवत गेले.

गिऱ्हाइकांनाही तेच उत्तरं देत होतं. लाकडी खेळणी बनवणारा एक होता, माझं सगळ्यात चांगलं काम त्याचंच. मागच्या आठवड्यात त्यानं काम काढून घेतलं. म्हणाला, 'तुम्ही सगळ्याला हो म्हणता. तुम्ही ऐकतच नाही आहात.' मला वाटलं, सनकी आहे. तुझी पत्रं वाचल्यावर वाटेनासं झालं.

दुकानाचं परवा वाचलं. महिना कधीच संपून गेला. किल्ली दिलीस? काकाला फोन केला तर म्हणाला, 'आजीला विचार, मी चोर आहे ना,' आणि ठेवून दिला. ते 'आनंदाने सोबत आहे' माझं नाही. माझ्या नावाखाली आहे, पण माझं नाही. काकाचं तर नाहीच नाही, त्याला उगीच उठवलंस ताटावरून.

शटर वर गेलं असेल तर खाली ओढ. काय झालं ते कळव. लगेच.

भिंगरी

२० मार्च

काय घाण अक्षर! टपालवाला पाकीट हातात धरून मला विचारतो, 'आजी, लहान मूल आहे का कुणी?' जाड पेनाची शाई कागदातून पलीकडं उतरलीय, मागचं पुढचं एकात एक. वाचायला अख्खी दुपार गेली. छापील बरं होतं.

आशीर्वाद.

शिव्या पोचल्या. पहिली ओळ वाचली आणि मालकीण ओळखली, पुढचं उगाच वाचलं. 'सरळ का विचारलं नाहीस' म्हणतेस. सरळ विचारलं असतं तर त्या यंत्रानं सरळ सांगितलं असतं, 'हो आजी, मीच लिहिलं, किती छान प्रश्न विचारलास.' मग मी काय करणार होते?

दुकानाची किल्ली माझ्या कमरेला आहे. महिना संपला त्या दिवशी काकानं हात पुढं केला होता. मी म्हटलं, थांब, पत्रात शब्द आलेला नाही. त्यानंतर ताटावरचं ते प्रकरण झालं. आता तो म्हणतो, फुकट दिलंस तरी दुकान नको, चोराला दुकान कशाला. जिन्यात आडवा गेला तर मान वळवतो. काकू खाली येते, गुपचूप डबा ठेवते, वर जाते. माझ्या नव्या कुलपातून, माझ्या किल्लीनं काढलेल्या पाकिटातून पोपटाचं रडगाणं निघालं तेव्हाच मला कळलं की हे त्याचं काम नव्हे. त्याला ठाऊक आहे पोपट नव्हता ते. म्हणजे कळून आठवडा होत आला. पण कळलं म्हणून वर जिना चढून जायचं आणि काय म्हणायचं? मला ते येत नाही. कधी शिकले नाही, आणि आता गुडघा आहे.

तुझ्या मनगटाचं तू मला कमी करून सांगितलंस. दोन्ही हात बांधलेत, हे मला परक्या फोटोवालीनं कळवलं. तिच्यावर मी विश्वास ठेवायचा ठरवलाय, तिला तसं सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

आणि तुझं लबाड पत्र मी तीनदा वाचलं. ओरडलीस. पोपटावर बोललीस, बुटांवर बोललीस, खेळणीवाल्यावर बोललीस. किल्ली दिली का, शटर वर गेलं का, सगळं मला विचारलंस. मी काय विचारलं होतं? हवं की नको. तो शब्द यंत्रानंही लिहिला नाही आणि तूही लिहिला नाहीस. यंत्राला ठाऊक नव्हता. तुला ठाऊक आहे आणि तू गाळलास. वाटतं, मला कळणार नाही?

नको असेल तर 'नको' लिही. मला कसं वाटेल याचा विचार तू करायचा नाहीस, ते माझं मी बघीन. मग दुकान काकाचं, रुसवा काढून का होईना त्याच्या गळ्यात घालीन. हवं असेल तर 'हवं' लिही. शटरला मी तेल घातलंय. तू येणार म्हणून नव्हे, गंज धरत होता. आता डाव्या कोपऱ्यात लाथ लागत नाही, हात लावला तरी वर जातं. तुझ्या मनगटाला झेपेल.

राहिला काका. त्याला माफीचं पत्र हवं. ते त्या तुझ्या यंत्राकडून लिहून घे, माझ्या नावानं, छापील. त्याला सांग, आई चुकली, आईला पस्तावा झाला, डोळे पाणावले, एकीकडे दुसरीकडे, सगळं घालू दे. गूळ कमी पडू देऊ नकोस. एवढं गोड माझ्याच्यानं या जन्मी व्हायचं नाही. तो ओळखेल की हे आईचं नाही, पण वाचेल, आणि खाली येऊन माझ्यावर ओरडेल. खाली आला म्हणजे झालं.

तेव्हा नीट ऐक. काकाला यंत्रानं लिहायचं. मला तू लिहायचं, त्याच काळ्या पेनानं, एक शब्द.

आजी